चार दाणे ताटात परत

त्या शुक्रवारी मी देवळात गेले ती देवीची परवानगी काढायला, आणि खरं सांगायचं तर ती परवानगी मी घरूनच ठरवून नेली होती. तिनं फक्त हो म्हणायचं बाकी होतं.

नवं राज्य होऊन थोडाच काळ झाला होता. ह्यांची भोपाळहून रायपूरला बदली झाली आणि आम्ही बूढ़ापारा मोहल्ल्यात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. ह्यांचं मंत्रालय तेव्हा एका जुन्या इस्पितळाच्या इमारतीत भरत असे. सकाळी डबा देताना मी म्हणायची, तुम्ही तुमच्या इस्पितळात जा, मी माझ्या जाते. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि हसायला एवढंच कारण पुरायचं.

उपचार सुरू होऊन वर्ष होत आलं होतं. रोज पोटावर एक इंजेक्शन घ्यायचं, म्हणजे बीजं वाढतात. मग सोनोग्राफीत ती मोजायची. पुरेशी मोठी झाली की शेवटचं एक इंजेक्शन, ज्यानं ती सुटतात. मला लहानपणापासून चौकशा करायची खोड, त्यामुळे डॉक्टरबाईंनी कंटाळून सोनोग्राफीचा पडदाच माझ्याकडे वळवून ठेवला होता. आधीच्या महिन्यांत त्यावर बीजाचा एखादाच काळा गोल दिसायचा, कधी तोही नाही. त्या शुक्रवारी सकाळी मी मोजले तर चार मोठे, आणि त्यांच्यामागे आणखी दोन. मी हरखून बाईंकडे पाहिलं. त्या मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "इस महीने नहीं करेंगे. आखिरी इंजेक्शन मत लेना, और आप दोनों दूर ही रहना."

जास्त आहेत तर चांगलंच नाही का, असं मी विचारलं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि न चिडता समजावलं. तीन किंवा चार गर्भ राहिले तर पोट ते नऊ महिने धरून ठेवेलच असं नाही. सहाव्या-सातव्या महिन्यात बाळंतपण होतं, बाळं ओंजळीत मावतील एवढी होतात, त्यांना श्वास घेणं जमत नाही, काही जगतात, काही नाही. आईचा रक्तदाब चढतो, रक्तस्राव होतो. शिवाय एवढी बीजं एकदम सुटली तर पोटात पाणी भरून माझ्याच जिवावर बेतू शकतं. शेवटी म्हणाल्या, "मुझे बच्चा आपकी गोद में चाहिए, मशीन में नहीं." मला सगळं कळलं. पटलं मात्र काही नाही. नऊ वर्षं दार वाजवल्यावर ते उघडलं, आणि आता आत जाऊ नका म्हणतात, हा कुठला न्याय?

ह्यांना फोन केला तर ते म्हणाले, "देव देऊन राहिला तर आपण काहून नाही म्हणावं? चार तर चार." माझ्या मनातलंच बोलले. शेवटचं इंजेक्शन आधीच आणून फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्यामागे ठेवलेलं होतं. शेजारी एक नर्स राहायची. तिला मी सांगितलं, डॉक्टरांनी आजच टोचून घ्यायला सांगितलंय. धडधडीत खोटं बोलले. ती सात वाजता येते म्हणाली. मधल्या वेळात राहवेना, म्हणून तलावाकडच्या देवीच्या देवळात गेले.

डोळे मिटून हात जोडले, तेवढ्यात कोणीतरी खांद्याला हात लावला. साठीच्या बाई होत्या, नऊवारी नेसलेल्या, बोलणं आमच्या नागपूरकडचं. "अवं पोरी, सवाष्ण आहेस नं? माह्यं उद्यापन आहे, पाच सवाष्णी पाहिजेत, एक कमी पडून राहिली."

मी मागे सरकले. हळदीकुंकवाला लोकांनी मला हळूच वगळण्याची इतकी सवय झाली होती की मीच आधी सांगून मोकळी व्हायची. "मले मूलबाळ नाही, मावशी."

"मी सवाष्ण मांगली. लेकुरवाळी कुठं मांगली?" असं म्हणून त्यांनी मला पाटावर बसवलंच. नारळ, खण, वर ओंजळीनं तांदूळ. माझा पदर जड झाला आणि मला रडू आवरेना. तसाच पदर गोळा करून मी उठले, तर त्यांनी हटकलं, "सारंच घेऊन चालली काय? चार दाणे ताटात परत टाक नं!"

ओटीतले थोडे दाणे परत टाकायचे असतात, हे आईनं शिकवलं होतं. इतक्या वर्षांत कोणी माझी ओटी भरलीच नव्हती, म्हणून विसरले होते. दाणे टाकले, पण खोड जाते थोडीच? विचारलं, "काहून टाकतात, मावशी?"

"आता काहून म्हणजे? देवीनंच देल्लं आहे. थोडं तिच्यापाशी ठेवलं तर तिले काही राग येते का? तिच्यापाशी ठेवलेलं कुठं जाते?" एवढं बोलून त्या दुसऱ्या बाईला कुंकू लावायला वळल्या.

दिलेलं परत ठेवणं म्हणजे देवाचा अपमान, हीच भीती मला दिवसभर पोखरत होती, आणि ती मी कोणाला बोलूनही दाखवली नव्हती. डॉक्टरबाईंनी मला सगळं सांगितलं होतं, फक्त एवढंच त्यांना सांगता आलं नसतं.

सात वाजता नर्स आली. मी तिला चहा दिला आणि खोटं बोलल्याचं कबूल केलं. ती म्हणाली, "दीदी, अच्छा हुआ बता दिया." रात्री ह्यांना सांगितलं, तर ते दोन दिवस माझ्यावर रुसून होते. तिसऱ्या दिवशी ह्यांनी स्वतःच ते इंजेक्शन दवाखान्यात परत नेऊन दिलं. त्या महिन्यात पाळी आली तेव्हा मी मोरीत बसून रडले, हेही लिहायला हवं. श्रद्धा बसली म्हणून दुःख होत नाही असं नाही.

पुढे औषध कमी केलं. दोन महिने रिकामे गेले. तिसऱ्या महिन्यात पडद्यावर एकच गोल होता. मी काही विचारलं नाही, तेव्हा डॉक्टरबाईंनाच आश्चर्य वाटलं. पूर्ण दिवस भरून मुलगी झाली. तिला घेऊन मी त्या मावशींना शोधायला गेले. पुजारी म्हणाला, "रोज कितनी आती हैं, बहनजी." असतील कोणी पाहुण्या म्हणून आलेल्या. मी जास्त खोदलं नाही.

मुलगी माझ्यावरच गेली आहे. मराठी सगळं कळतं, प्रश्न मात्र हिंदीत. परवा मैत्रिणीची जुळी भावंडं पाहून आली आणि विचारत होती, "मम्मी, मैं अकेली क्यों आई?" त्या महिन्यात ते इंजेक्शन घेतलं असतं तर काय झालं असतं, हे मला आजही ठाऊक नाही. कुतूहल आहे, ते देवीच्या पायाशी ठेवून दिलं आहे. मी तिला जवळ ओढलं आणि म्हटलं, "किती यावेत हे मागायचं मी सोडून दिलं होतं, बाई. जो जीव निघेल तो घरापर्यंत पोचू दे, एवढंच मागितलं. तू पोचलीस."