थरथरीचा नियम

आपल्याला कुणी शेंडी लावू शकत नाही, असं आमच्या आत्याचं स्वतःबद्दल ठाम मत आहे आणि ते बऱ्यापैकी खरंही आहे. कापडवाला "शुद्ध सुती आहे हो" म्हणाला की ती त्याच्यादेखत एक धागा ओढते, काडीनं पेटवते, राख बोटांत चोळून बघते आणि अवाक्षर न बोलता थान परत सरकवते. गिऱ्हाईक "माप तेच आहे, मागचंच घ्या" म्हणालं की ती गळ्यातली टेप काढते. मी काम करायला लागल्यापासून कुणाचंही माप 'तेच' निघालेलं मला आठवत नाही.

आमच्या घराची पुढची खोली म्हणजे दुकान. काचेला लागून आत्याचं मशीन, मधे कापायचं मोठं टेबल, कोपऱ्यात कापडाच्या कडा शिवायचं ओव्हरलॉक मशीन आणि मागच्या भिंतीवर ट्रायलसाठी माणूसभर उंचीचा आरसा. मी काज-बटणं करते, इस्त्री करते आणि आत्याची बोलणी खाते. यातलं तिसरं काम पूर्णवेळ आहे.

अशा या आत्याला ज्यानं वर्षानुवर्षं सफाईनं फसवलं, तो आमचा बटण्या. एका सकाळी चिंध्यांचं पोतं बाहेर ठेवायला गेले, तर आदल्या दिवशीच्या पोत्यात एक ओलं पिल्लू बसलेलं. काळे डोळे कोटाच्या बटणांसारखे टपोरे, आणि अंग असं थरथरत होतं की सगळं पोतं हलत होतं. "थंडी वाजतेय त्याला," आत्या म्हणाली आणि कुणाच्या तरी कोटाच्या अस्तराचा उरलेला तुकडा घेऊन मशीनवर बसली. माझा चहा होईपर्यंत पिल्लू बाह्यांसकट जाकिटात होतं.

त्या दिवशी खरोखरच थंडी होती, पण आत्याच्या डोक्यात कायमचं बसलं की कुत्रं थरथरलं म्हणजे त्याला कपडा कमी पडतोय. शिंपिणीला दुसरं काय सुचणार म्हणा! आंघोळ घातली की बटण्या थरथरे, तेव्हा टॉवेलचा झगा आला. ओव्हरलॉक सुरू झालं की घाबरून थरथरे, म्हणून कानटोपी आली. झोपेत पाय हलवी, बारीक भुंके, तेव्हा निजल्या निजल्या त्याच्या अंगावर फ्लॅनेल पडे. कपाटात माझ्यापेक्षा त्याचे कपडे जास्त झाले. तक्रार केली तर आत्या म्हणे, "तू थरथरून दाखव, तुलाही शिवते."

शेवटी ऐन उन्हाळ्यात त्याला अस्तर लावलेला कोट घालून आत्या जनावरांच्या दवाखान्यात गेली, का तर तो दाराशी उभा राहून थरथरतोय. डॉक्टरीणबाईंनी आधी त्याचा कोट उतरवला.

"अहो, उकडून मरेल हा! दाराशी कधी थरथरतो?"

"मी पिशवी घेतली की."

"फिरायला नेता तेव्हा?"

"हो."

"मग तो आनंद आहे. आनंदानं थरथरतात कुत्री. आनंदावर अस्तर कशाला लावताय?"

आत्यानं ते मान्य केलं, पण कोट घरी आणला. कापड चांगलं होतं म्हणे.

पुढचा उद्योग बटण्यानं स्वतःच्या अकलेनं उभा केला. आपण थरथरलो की माणसं विरघळतात, हे त्याच्या लक्षात आलं होतं. दुकानात कुणी आलं की साहेब त्याच्या पुढ्यात बसणार, कान पाडणार आणि थरथरायला लागणार. "अगं बाई, किती घाबरलंय गरीब!" की लगेच मांडी आणि बिस्किट. बिस्किट पोटात गेलं की थरथर बंद, आणि स्वारी पुढच्या खुर्चीकडे. एकदा आत्या गिऱ्हाइकाच्या पाठीवर टाचण्या लावत असताना तिनं हा सगळा प्रयोग आरशात पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. साहेब थरथरताना एका डोळ्यानं सारखे अंदाज घेत होते, की हे गिऱ्हाईक पाघळलं की अजून थोडं थरथरावं लागणार?

"मला!" आत्या म्हणाली. टाचणी हातात तशीच. "माझ्या घरात राहून मला बनवतोय हा!"

डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्या पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, "लाड करून तुम्हीच शिकवलंत त्याला. आता थरथरला तर लक्ष देऊ नका, पाठ फिरवा, आपोआप सोडेल. पण आधी एक हाक मारून बघा, बिस्किट दाखवून बघा. थरथर थांबली तर खुशाल दुर्लक्ष करा. थांबली नाही, नाहीतर सोबत उलटी, लाळ, झोकांड्या, मलूलपणा असं काही दिसलं, तर मला लगेच फोन करायचा. पाठ फिरवून बसायचं नाही."

आता हे सगळं आम्ही दोघींनी ऐकलं होतं. पण घरी येईपर्यंत त्यातलं 'पाठ फिरवा' तेवढंच उरलं, कारण आत्याला ते मनापासून पटलं होतं. दुकानात नियम झाला, आणि आत्याचा नियम म्हणजे गिऱ्हाइकांनाही सुटका नाही. बटण्या थरथरायला लागला की मी "नियम!" म्हणून ओरडायचं आणि दुकानात असतील तेवढ्यांनी पाठ फिरवायची. जुनी गिऱ्हाइकं इतकी तयार झाली की बोलता बोलता गर्रकन वळत. नवख्यांना वाटे, कुणीतरी कपडे बदलतंय. तीही बिचारी सभ्यपणानं वळत.

आत्या मात्र आरशाकडे तोंड करून वळायची. पाठही फिरवली जायची आणि बटण्याचा पडलेला चेहराही बघायला मिळायचा. तो या पाठीकडून त्या पाठीकडे बघे, सुस्कारा टाके आणि टेबलाखाली जाऊन झोपे. आत्याला त्यात इतका आनंद व्हायचा की दिवसातून एकदा तरी त्यानं थरथरावं म्हणून ती वाट बघत असावी, असा मला दाट संशय आहे.

असं सगळं छान चाललेलं असताना एका सकाळी बँकेतल्या बाई कोटाच्या ट्रायलला आल्या. बाई आमच्या जुन्या गिऱ्हाईक. पर्स स्टुलावर टाकून आरशासमोर उभ्या राहिल्या. कोटाला एकच बाही लागली होती, दुसरी आत्या टाचण्यांनी बसवत होती. बाईंचं "मला जरा घट्टच हवाय, मी वजन कमी करतेय" चाललं होतं आणि आत्याचं "कमी झालं की मग घट्ट करू" चाललं होतं. मी इस्त्री करत होते. तेवढ्यात टेबलाखालून बटण्या बाहेर आला आणि खोलीच्या मधोमध थरथरत उभा राहिला.

"नियम!" मी ओरडले आणि भिंतीकडे वळले. बाई टाचण्यांसकट वळल्या. आत्या आरशाकडे वळली.

एरवी या वेळी तिचं खुदखुदणं ऐकू यायचं. ते आलं नाही.

"हा बघत नाहीये," आत्या म्हणाली.

"कोण?"

"बटण्या. कुणाकडेच बघत नाहीये तो."

मी वळून पाहिलं. खरंच, आमच्यातल्या एकीकडेही त्याचं लक्ष नव्हतं. डोळे कुठेतरी जमिनीवर, मागचे पाय फाकलेले, तोंडातून लाळ. सोंग करणारा कधी प्रेक्षकांना विसरत नाही. आत्यानं हाक मारली. कान हलला नाही. बिस्किट नाकाशी धरलं तर त्यानं तोंड फिरवलं. बटण्यानं, बिस्किटापासून! मग तो दोन पावलं चालायला गेला, झोकांडी खाऊन कलंडला आणि ओकला.

आत्यानं एका हातानं त्याला धरलं आणि दुसऱ्या हातानं फोन लावला. पलीकडून डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "काय खाल्लंय त्यानं?" आत्या फोन माझ्याकडे देऊन गुडघ्यांवर बसली आणि टेबलाखाली शिरली. खाली चिंध्या, दोरे, खडूचे तुकडे, सगळा नेहमीचा पसारा. त्यातून तिनं चमचमत्या कागदाचा एक चावलेला तुकडा उचलला. "हे माझं नाही," ती म्हणाली. आपल्या जमिनीवरची चिंधी अन् चिंधी तिला ओळखू येते. पाठोपाठ फाटलेलं पाकीटही निघालं.

"अरे देवा, माझं च्युइंगगम!" बाई ओरडल्या. स्टुलावरची पर्स खाली आडवी पडली होती. "पण त्यात साखरसुद्धा नाही हो. बिनसाखरेचं आहे, मी वजनासाठी…"

'बिनसाखरेचं' हा शब्द फोनमधून पलीकडे गेला आणि डॉक्टरीणबाईंचा आवाजच बदलला. साखरेऐवजी अशा गोळ्यांत गोडीसाठी जे घालतात, ते माणसाला चालतं, पण कुत्र्याच्या रक्तातली साखर त्यानं झपाट्यानं उतरते, म्हणाल्या. शुद्धीवर आहे ना? मग साखरेचं पाणी बोटानं हिरड्यांना चोळा, घशात ओतू नका, आणि पाकीट घेऊन आत्ताच्या आत्ता या. थोडं थांबून बघू, असं अजिबात नको.

बाईंची गाडी दारातच होती. एका बाहीचा कोट अंगात तसाच, खांद्यावर टाचण्या उभ्या, अशा त्या चालवायला बसल्या. दर वळणावर त्यांना टाचणी टोचे आणि दर वळणावर त्या "आई गं" म्हणत, पण वेग कमी करत नव्हत्या. मागे आत्याच्या मांडीवर बटण्या. आत्या वाटीत बोट बुडवून त्याच्या हिरड्या चोळत होती आणि रस्ताभर एक शब्द बोलली नाही. माझी आत्या गप्प बसलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. मला बटण्याइतकीच तिचीही भीती वाटली.

दवाखान्यात कानातून रक्ताचा थेंब घेतला. साखर अगदी तळाला गेली होती. लगेच सलाईन लावलं. थोड्या वेळानं त्याची थरथर थांबली. मी सुटकेचा श्वास टाकणार, तर डॉक्टरीणबाईंच्या कपाळावर आठ्या. थांबली ती बरं वाटून की दमून, हे अजून कळत नव्हतं. बटण्या टेबलावर पायमोजा टाकावा तसा पडून होता.

तेव्हा आत्या वाकली आणि त्याच्या कानाशी बोलायला लागली. तिला वाटलं असेल कुणाला ऐकू जात नाही. पण शिंप्याच्या दुकानात मशीनवरून बोलायची सवय, तिचं कुजबुजणंही बाहेरच्या बाकापर्यंत जातं.

"ऊठ रे राजा. ऊठ आणि थरथर. तुझं ते सोंग कर. सगळ्या गिऱ्हाइकांची बिस्किटं खा, कुणी पाठ फिरवली तर मी बघते त्याच्याकडे. मला फसव. रोज फसव. मी फसते ना, मला काय होतंय फसायला?"

बँकेतल्या बाई टाचण्यांच्या बाहीनंच डोळे पुसायला गेल्या आणि परत "आई गं" म्हणाल्या. मी रडत होते, त्यात हसू आलं, आणि मग दोन्ही आवरेना.

बऱ्याच वेळानं दुसरी तपासणी झाली. साखर वर आली होती. डॉक्टरीणबाईंनी बटण्याच्या पापण्या उघडून बघितल्या, हिरड्या दाबून बघितल्या, मग नुसतीच हाक मारली, "काय हो साहेब?" शेपटीचं टोक टेबलावर एकदा आपटलं. मग पुन्हा. आमचा जीव भांड्यात पडला. "वेळेवर आलात," त्या म्हणाल्या. "अजून दोन दिवस इथेच ठेवते. यकृतावर नजर ठेवावी लागेल, पण धोका टळल्यासारखा आहे. कळलं कसं तुम्हाला? हा तर रोजच थरथरतो."

"रोज माझ्याकडे बघून थरथरतो," आत्या म्हणाली. "तुम्ही सगळं नीट सांगितलं होतंत हो. आम्ही सोयीचं तेवढं घरी नेलं."

आणि पैसे द्यायला ती आपली पर्स उघडायला गेली, तर पर्सची चेन तिला सापडेना. बोटं चेनवर लागत आणि घसरत. कितीही बारीक सुईत एका फटक्यात दोरा ओवणारे ते हात आता कोपरापासून लटलट हलत होते. तिनं ते मांडीखाली दाबले, तर खांदे हलायला लागले. आत्याला असं कुणी पाहिलेलं नव्हतं, तिनं स्वतःही नसावं. ती भलतीच ओशाळली.

"उगाच आहे," ती म्हणाली. "लक्ष देऊ नका."

डॉक्टरीणबाईंनी ऐकलं नाही. त्यांनी खुर्ची ओढली, आत्याच्या शेजारी बसल्या, तिचे दोन्ही हात मांडीखालून काढून आपल्या हातांत घेतले आणि तशाच बसून राहिल्या. बाहेर पिंजऱ्यातली मांजरं कोकलत होती, कुणाचा तरी ससा खोळंबला होता, मदतनीस बाई दोनदा दारातून डोकावून गेली. त्या उठल्या नाहीत.