टॉग्जमधलं बोरनहाण

माझी मुलगी अडीच वर्षांची असताना कुणालाही नुसतं ‘नाही’ म्हणायची नाही. ती ‘नो थँक्यू’ म्हणायची. डेकेअरमध्ये शिकवलेला हा शिष्टाचार तिनं सगळ्यात जास्त कुणावर वापरला असेल, तर तो माझ्या सासूबाईंवर.

सासूबाई पुण्याहून आमच्याकडे ऑकलंडच्या न्यू लिन भागात आल्या त्या दिवाळी आटोपून, आणि जानेवारीअखेर परत जायच्या होत्या. तोवर नातीला त्यांनी फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलं होतं. “ये गं माझ्या सोन्या, मांडीवर ये,” म्हणून त्यांनी हात पसरले, की सोन्या मान वाकडी करून, अगदी नम्रपणे, “नो थँक्यू, आजी” म्हणायचं आणि माझ्या पायाला मिठी मारायचं. मऊ भात भरवू का? नो थँक्यू. वेणी घालू का? नो थँक्यू. मराठी तिला सगळं कळत होतं, दुखणं तिथंच होतं. न कळून नाही म्हणत असती तर सासूबाईंना तेवढाच आधार.

“रडली, ओरडली असती तरी चाललं असतं गं,” त्या मला एकदा मेथी निवडताना म्हणाल्या. “ही मला बँकेतल्या बाईसारखी वागवते.”

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. जायच्या आधी ही पोर एकदा तरी आपणहून मांडीवर येऊन बसावी, एवढीच त्यांची इच्छा होती. ती पुरी करणं माझ्या हातात नव्हतं. अडीच वर्षांच्या माणसाकडून काही करवून घेता येतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी सकाळी बूट घालायच्या वेळी आमच्याकडे यावं.

नाताळच्या सुट्ट्या संपल्या आणि सासूबाईंनी बेत जाहीर केला. नातीचं बोरनहाण करायचं, आणि हलव्याचे दागिने विकतचे नाहीत, घरी करायचे. त्यांच्या बॅगेच्या तळातून पितळी परात निघाली तेव्हा कळलं, की बेत पुण्यातच शिजला होता. “माझ्या हातच्या हलव्याचा काटा बघ तू,” त्या म्हणाल्या. त्यांच्या सोसायटीत म्हणे संक्रांतीला बायका तो मुद्दाम बघायला यायच्या.

आता हलव्याला काटा येतो तो थंड, कोरड्या हवेत. पुण्यात संक्रांत थंडीत येते. इथं ती भर उन्हाळ्यात येते, आणि ऑकलंडच्या उन्हाळ्यात पापड उघडा राहिला तर तासाभरात मान टाकतो. मी इंजिनिअर, नवरा इंजिनिअर. पण संक्रांत म्हटली की थंडी, हे डोक्यात इतकं घट्ट बसलेलं, की शॉर्ट्स घालून, पंख्याखाली बसूनही आमच्या दोघांच्या ध्यानात काही आलं नाही.

सासूबाई पहाटे उठल्या. मंद आचेवर परात ठेवून, तिळांवर थेंब थेंब पाक सोडत, बोटांनी ते हलवत बसल्या. दुपारपर्यंत परातीत एक चिकट गोळा तयार झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गोळा. त्यांनी परात बाजूला सारली. मग म्हणाल्या, “हातच गेला गं माझा.”

नात येऊन गोळ्याचा एक तुकडा चाखून गेली, परत आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “मम्मी, मोअर प्लीज.” गोळा आजीचा, परात आजीची, आणि मागणी माझ्याकडे. त्या क्षणी मला माझ्याच मुलीचा राग आला.

“आई, हात नाही गेलेला. हवा ओली आहे,” मी म्हटलं. हिवाळ्यात घराच्या भिंतींना बुरशी धरते म्हणून इथं घरोघरी हवेतला ओलावा ओढून घेणारं एक यंत्र असतं. आमचं कपाटामागे धूळ खात पडलं होतं. ते मी लाँड्रीत नेऊन लावलं, वॉशिंग मशीनशेजारी विजेची शेगडी मांडली आणि सासूबाईंना त्या खोलीत कोंडलं. यंत्रानं ओढलेलं पाणी नवरा संध्याकाळी बागेतल्या टोमॅटोंना घालायचा आणि आपणच हलवा करत असल्यासारखा तोरा मिरवायचा.

लाँड्रीच्या दाराला खालपर्यंत काच आहे. आत चटका बसेल म्हणून मुलीला मज्जाव होता, त्यामुळे तिला दुसरीकडे कुठं जायचंच नव्हतं. ती काचेला नाक लावून उभी राहायची. “व्हॉट्स आजी मेकिंग?”

“तुझा मुकुट.”

“माय क्राउन,” ती काचेला सांगायची. आतून सासूबाई हसून हात करायच्या. मी दार जरा उघडून “जातेस का आजीशी बोलायला?” विचारलं, की उत्तर ठरलेलं. नो थँक्यू.

आणि काटा आला. पांढराशुभ्र, टोकदार. सासूबाई तळहातावर चार दाणे घेऊन बाहेर आल्या तेव्हा घामानं निथळत होत्या, आणि इतक्या महिन्यांत मी त्यांना एवढं खूश पाहिलं नव्हतं. मग हार झाला, बाजूबंद, कंबरपट्टा, पुठ्ठ्यावर हलवा चिकटवून मुकुट.

बोरनहाणाच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. पुण्याहून आणलेला जरीकाठाचा काळा फ्रॉक पुढे धरल्यावर उत्सवमूर्ती म्हणाली, “नो थँक्यू. हॉट.” तिला टॉग्ज हवे होते, म्हणजे पोहायचे कपडे. मी समजावलं, आमिष दाखवलं, आवाज चढवला. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, “टॉग्ज काळेच आहेत ना? मग झालं तर. संक्रांतीला काळं लागतं, फ्रॉक लागतो असं कुठं म्हटलंय.”

तर काळे टॉग्ज, त्यावर हलव्याचा हार, आणि डोक्यावर मुकुट. बोरं मिळाली नाहीत, ब्लूबेरी घेतल्या. मित्रांची आणि शेजारची पोरं अंगणात जमली. सासूबाईंनी रेशमी साडी नेसून चुरमुरे, शेंगा, ब्लूबेरी नातीच्या डोक्यावर ओतल्या. पोरांची झुंबड उडाली, फोटो निघाले, आणि आम्ही मोठी माणसं बशा भरायला आत गेलो.

अंगणाच्या कोपऱ्यात मुलांचा छोटा फुगवायचा पूल भरून ठेवलेला होता. टॉग्ज घातले की पाण्यात जायचं असतं, हे आम्हीच तिला शिकवलं होतं. ती गेली.

मी बाहेर आले तेव्हा ती पाण्यात कंबरेइतकी बसली होती आणि मुकुट जहाजासारखा पाण्यात सोडून बघत होती. हलवा विरघळायला वेळ लागत नाही. लाँड्रीतल्या इतक्या दिवसांचं काम पूलमध्ये सरबत होऊन गेलं, वर तीळ तरंगत राहिले. सासूबाई मागेच उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघायचं मला धाडस होईना.

मग मुलीच्या लक्षात आलं, की हातात नुसता ओला पुठ्ठा आणि दोरे आहेत. तिनं टाहो फोडला आणि निथळत बाहेर आली. मी टॉवेल पसरून खाली बसले. ती माझ्या बाजूनं पळत पुढे गेली. थेट आजीकडे.

“आजी, इट्स गॉन,” तिनं दोरे वर धरले. “आजी मेक इट.”

मला फार आनंद झाला, आणि टॉवेल हातात धरून बसलेली असताना थोडं टोचलंही, खोटं कशाला बोलू. सासूबाई पायरीवर टेकल्या. “करते हं, राणी,” त्या म्हणाल्या. “पण खूप वेळ लागतो त्याला.”

मुलीनं जरा विचार केला. “ओके. आय वेट,” म्हणाली, आणि ओल्या टॉग्जसकट त्यांच्या रेशमी मांडीवर चढून बसली.

हलवा करायचा तर उठायला हवं होतं. सासूबाईंनी साडी सावरली नाही, पायही हलवला नाही. नातीच्या ओल्या केसांवरून हात फिरवत त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, “अगं, आज पाक तूच ठेव.”