ज्वारीच्या बांधावर डोळे मिटून

मला कुणी गप्प बस म्हटलं की मी आणखी बोलते. तरीही पहिलीच्या लेकरांना शांत बसायला शिकवण्याचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं, आणि ते मला जमणार याबद्दल तिळमात्र शंका नव्हती. तालुक्याच्या प्रशिक्षणात सरांनी सांगितलं होतं की मुलांना रोज थोडा वेळ झाडाखाली बसवा, डोळे मिटायला लावा आणि येतील ते आवाज नुसते ऐकू द्या. बाकीचे शिक्षक चहाची वाट बघत होते. मला मात्र ते मनापासून पटलं.

आमची शाळा दिंद्रुडकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. हिवाळ्यात उसाचे ट्रॅक्टर मोठमोठ्यानं गाणी लावून जातात, तेव्हा वर्गात फळ्याजवळ बोललेलं मागच्या लेकरांना ऐकू जात नाही, तिथं बारीक आवाज कुठले ऐकू येणार? शाळेमागं जरा आत एका मावशींचं ज्वारीचं रान होतं आणि त्याच्या बांधावर मोठं कडुलिंबाचं झाड. मावशींचा मुलगा आणि सून ऊसतोडीला गेलेले. घरी त्या आणि त्यांची नात, आणि ती नात माझ्याच वर्गात. कणसं हुरड्यात आली होती. ती ज्वारी म्हणजे त्या घरची वर्षाची भाकरी, पण गुडघ्यांमुळं मावशींना दिवसभर उभं राहून पाखरं हाकलणं होत नव्हतं. म्हणून मी बांधावर बसायची परवानगी मागितली तेव्हा त्या खूश झाल्या.

"बसवा की मॅडम," त्या म्हणाल्या. "लेकरं असली की पाखरं बसत न्हाईत."

लेकरं तोंडातून शब्द काढणार नाहीत, असं मी त्यांना ठणकावून सांगितलं. मावशींनी माझ्याकडं नुसतं पाहिलं.

पहिल्या दिवशी सगळ्यांनी छान मांड्या घातल्या, डोळे मिटले. तेवढ्यात ज्वारीत चिमण्या चिवचिवल्या आणि अख्खा वर्ग "हाऽऽ हुर्र्या" करत उठला. एका बहाद्दरानं भिरकावलेलं ढेकूळ माझ्या पर्सवर येऊन फुटलं. आमच्याकडं नीट चालता न येणाऱ्या लेकरालाही ठाऊक असतं की ज्वारीत पाखरू दिसलं की ओरडायचं, त्याबद्दल घरी शाबासकीच मिळते. पण मला शांतता हवी होती. उद्यापासून काहीही ऐकू आलं तरी जागचं हलायचं नाही, असं मी आवाज चढवून बजावलं. माझा वर्गात दरारा आहे.

दुसऱ्या दिवशी तो दरारा कामी आला. एकानंही चुळबूळ केली नाही. मीसुद्धा डोळे मिटून घेतले आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. जरा वेळानं वारा सुटल्यासारखा मोठा आवाज झाला, आणि मग ज्वारीतून बारीक कुरकुर यायला लागली. डोळे उघडून बघते तर भोरड्यांचा थवा उतरलेला. ही पाखरं शेकड्यांनी येतात आणि बघता बघता कणसं रिकामी करतात. लेकरं माझ्या धाकानं तशीच बसून होती. मावशींच्या नातीनं डोळे गच्च मिटले होते, मुठी आवळून मांडीवर ठेवल्या होत्या, आणि गालांवरून पाणी चाललं होतं.

"मॅडम," डोळे न उघडता ती हळूच म्हणाली, "आमची ज्वारी खायल्यात."

मी उठले आणि अशी ओरडले की रस्त्यावरची माणसं थांबली असतील. वर्ग तर वाटच बघत होता. थवा उठला आणि पलीकडं गेला. मी त्या पोरीला जवळ घेतलं, नाक पुसलं आणि सांगितलं की तुझ्याइतकं नीट कुणीच ऐकलं नाही. हे अगदी खरं होतं.

मग मी प्रशिक्षण बाजूला ठेवलं आणि माझी पद्धत काढली. डोळे मिटायचे, ऐकायचं. थवा येताना ऐकू आला की बोलायचं नाही, हात वर करायचा. बरेच हात वर झाले की मी टाळी वाजवणार, मग सगळ्यांनी उठून घसा फाटेस्तोवर ओरडायचं, आणि पाखरं गेली की पुन्हा मांडी. सरांनी बघितलं असतं तर कपाळाला हात लावला असता. पण लेकरांना राखणीचं काम मिळालं आणि त्यांचे कान उघडले. सुरुवातीला वाऱ्याच्या सळसळीलाही हात वर जायचे, पुढं ते थांबलं. ट्रॅक्टर भरलेला आहे की रिकामा, हे ती आवाजावरून सांगायला लागली. लिंबाचं पान पडलेलंही त्यांना कळायचं. थवा रानावर पोचायच्या आत हात वर व्हायचे, आणि सगळ्यांत आधी त्या नातीचा. मावशी एकदा भाजलेला हुरडा आणि लसणाची चटणी घेऊन आल्या, लेकरं लई गुणाची हायत म्हणाल्या, आणि जाताना मलाही गुणाची म्हणून गेल्या. मी ते आनंदानं मान्य केलं.

पुढं ज्वारी काढली, मळणी झाली, पोती मावशींच्या घरात पडली. बांधावर बसायची सवय मात्र आमच्यानं सुटेना, म्हणून मोकळ्या रानाकडं तोंड करून आम्ही बसलो. जरा वेळानं तो ओळखीचा आवाज आला. नातीचा हात वर गेला, मग बाकीच्यांचे. मी टाळी वाजवणार, तोच तिनं डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं आणि हात खाली घेतला.

"खाऊ द्या मॅडम," ती म्हणाली. "आमची घरात आलीय."

एकेक करून सगळे हात खाली आले. थवा आमच्या अगदी जवळ उतरला आणि सांडलेले दाणे टिपायला लागला. वर्ग डोळे मिटून ती कुरकुर ऐकत बसला. मी नातीकडं पाहिलं. तिच्या मुठी उघड्या होत्या.