शेऱ्याचा रकाना

माझं अक्षर चांगलं होतं आणि त्याचा मला भारी गर्व होता. महाराष्ट्र नुकताच झाला होता, तेव्हा मी जानेफळच्या पलीकडच्या एका खेड्यात शिक्षिका म्हणून रुजू झाले. मोठ्या गुरुजींनी लिहिलेलं त्यांचं त्यांनाच लागत नसे, म्हणून शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर पहिल्याच आठवड्यात माझ्या गळ्यात पडलं. मुलाचं नाव, जात, जन्मतारीख, शाळेत कधी आलं, कधी गेलं, आणि अगदी शेवटी शेऱ्याचा रकाना. तो बहुतेक रिकामा असायचा. रिकामी जागा दिसली की माझा हात शिवशिवायचा.

दुसरीत एक अबोल मुलगी होती. तिची आई एकदा शाळा सुटल्यावर आली. शेतातून थेट आली होती, पदराला कापसाचे पुंजके चिकटलेले. वर्ग रिकामा होईपर्यंत दाराबाहेर उभी राहिली आणि मग आत येऊन हळूच म्हणाली, "बाई, पोरीले फेफरं येते. घरातल्याइले सोडून कोनाले ठाव नाई. तुमी ध्यान ठेवजा, पन कोनाले सांगू नका."

मी शब्द दिला आणि पाळलाही. मुलीला माझ्या टेबलाजवळ बसवलं. त्या वर्षी तिला दोनदा फेफरं आलं, दोन्ही वेळा मी बाकीच्या मुलांना पाणी भरायला विहिरीवर पाठवलं आणि तिला कुशीवर वळवून जवळ बसून राहिले. बाहेर कुणाला पत्ता लागला नाही. पण वर्ष संपता संपता माझ्या बदलीची बोलणी सुरू झाली. माझ्यामागून येणाऱ्या शिक्षकाला कसं कळणार, या काळजीनं मी शेऱ्याच्या रकान्यात पक्क्या शाईनं लिहिलं, "फेफरे येते. लक्ष ठेवावे." लिहून मला फार बरं वाटलं. बदली मात्र झालीच नाही.

मुलगी चौथी पास होऊन घरी बसली. पुढं फेफरं येणंही थांबलं, आणि तो शेरा मी साफ विसरून गेले.

त्या भागात सोयरीक जुळवताना शाळेत येऊन मुलीची जन्मतारीख बघायची रीत होती. घरात तारखेचा कुणालाच पत्ता नसे, मुलीकडचे वय कमी सांगतील असा मुलाकडच्यांना संशय असे, आणि शाळेचं पुस्तक खोटं बोलत नाही यावर सगळ्यांचा विश्वास. मग पाहुणे यायचे, मोठे गुरुजी चहा मागवायचे आणि मी रजिस्टर उघडायची. मुलं शाळेत यावीत म्हणून केलेलं पुस्तक लग्नासाठी का उघडायचं, असा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आला नाही. उलट आपल्या अक्षराला मान मिळतो याचंच मला कौतुक.

मुलगी सोळाची झाली असेल. मेहकरकडचे पाहुणे आले, मुलाचा मामा त्यांच्यात शिकलेला. मी पान काढलं आणि जन्मतारखेखाली बोट ठेवलं. मामांची नजर बोटाशी थांबली नाही, ओळ धरून ती शेवटच्या रकान्यापर्यंत गेली. मोठ्या गुरुजींनी लिहिलं असतं तर कुणाच्या बापाला लागलं नसतं. माझं अक्षर मोत्यासारखं.

मी घाईघाईनं सांगितलं, ते लहानपणचं, आता कित्येक वर्षांत काही नाही. मामा भला माणूस होता, आवाजही चढवला नाही. "बंद झालं असंल, बाई," ते म्हणाले. "पन लिहून ठेवेल हाय ना." चहा संपवून त्यांनी हात जोडले.

चार दिवसांनी निरोप आला की गुण जुळत नाहीत. खरं कारण त्याआधीच गावात फिरत होतं. दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. तिनं एवढंच म्हटलं, "म्या तुमाले सांगतलं होतं, बाई. पुस्तकाले नाई सांगतलं."

शेरा खोडायचाच असं मी ठरवलं. मोठे गुरुजी घाबरले, या रजिस्टरात खाडाखोड करायला वरून हुकूम लागतो म्हणाले. मी अर्ज लिहिला. कोणता शेरा खोडायचा हे लिहिताना मुलीचं नाव, गाव आणि आजार, तिन्ही लिहावं लागलं. मग जावक वहीत विषय लिहायची वेळ आली तेव्हा तेच पुन्हा. महिन्यानं वरच्या कचेरीतून उत्तर आलं, उघड्या कार्डावर: फेफरे येणाऱ्या विद्यार्थिनीबाबत डॉक्टरांचा दाखला जोडावा. पोस्टमननं ते माझ्या हातात देताना मान खाली घातली होती. एका ओळीची मी चार ठिकाणं करून ठेवली होती. त्या दिवशी मला स्वतःचा फार राग आला. दाखला मागायला तिच्या घरी जायचं धाडस मला झालं नाही.

पुढं दोन वर्षांनी तिला लांबच्या गावी एका बिजवराला दिली. तिला कुणी विचारलं असेल असं वाटत नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये तिची आई धाकट्या मुलीला शाळेत घालायला आली. मी नाव लिहिलं, जात लिहिली, अंदाजानं जन्मतारीख लिहिली. मग विचारलं, हिच्याबद्दल काही सांगायचंय का. आई माझ्या हातातल्या टाकाकडे बघत राहिली. मी टाक खाली ठेवला, दौतीला बूच लावलं, रजिस्टर मिटलं आणि पुन्हा विचारलं.

"नाई, बाई," ती म्हणाली. "काईच नाई."

खरंच काही नसेल. पण त्या धाकटीलाही मी वर्षभर माझ्या टेबलाजवळ बसवलं, आणि तिच्या हातून नुसती पाटी पडली तरी मी उठून उभी राहत असे.