गुरुवारी मावशी नसत

मरणाचा इतक्या हौसेनं सराव केलेली बाई उभ्या पंचवटीत दुसरी झाली नसेल. ही बाई म्हणजे माझ्या बायकोची मावशी. ऐंशी सालच्या आसपास भाजीबाजारामागच्या दोन खोल्यांत त्या बालवाडी चालवायच्या. मेथी-कोथिंबीर विकणाऱ्या बायका पोरं त्यांच्या हवाली करून बाजारात बसायच्या. खिचडीत मीठ किती, कुणाला कुणाशेजारी बसवलं की चावाचावी होत नाही, पावसात कुठल्या कौलाखाली बादली ठेवायची, हे सगळं मावशींच्या डोक्यात. संस्थेचं कपाट म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणि संस्थेचं कार्यालय म्हणजे त्या डब्यावर बसलेल्या मावशी. मी बँकेतला कारकून, म्हणून खजिनदार.

अशात मुंबईच्या एका ट्रस्टनं मदत देऊ केली. अट अशी की पैसा खिचडीला नाही, संस्था बळकट करायला वापरायचा. कपाट घ्या, टाइपरायटर घ्या, शिक्षिकेला प्रशिक्षणाला पाठवा. मावशी भडकल्या. "पोरांच्या पोटाला नाही आणि मला कपाट? मी काय कपाटात जाऊन बसू?" ट्रस्टचे साहेब शांतपणे म्हणाले, "बाई, उद्या तुम्ही नसलात तर खिचडी कोण देईल?" वर्षभरानं ते पुन्हा येणार होते. बालवाडी बाईंशिवाय उभी राहते असं दिसलं तरच पुढची मदत, नाहीतर दोन्ही खोल्यांना टाळं. आम्ही मनातल्या मनात साहेबांना शिव्या घातल्या. मावशींनी मात्र दुसऱ्या दिवशी जाहीर केलं, "दर गुरुवारी मी मेलेली असेन. मला काही विचारायचं नाही."

गुरुवारी त्या खिडकीखालच्या बाजेवर पांढरी शाल पांघरून मटार सोलत बसत. मेल्या म्हणून रिकामं बसायचं, हे त्यांना पटत नसे. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, दहाव्या-तेराव्याचे विधी करणारे शेजारचे गुरुजी म्हणाले, "असं अभद्र बोलू नये, मावशी." दिवस बुधवारचा होता म्हणून त्यांना उत्तर मिळालं. "माणूस मेल्यावरचं तुम्ही बघा गुरुजी, बालवाडीचं मला बघू द्या." भाजीवाली हिराबाई तर खिडकीतून ओरडायची, "मावशे, मागच्या गुरवारपेक्षा आज लय झ्याक मेली तू!" मावशी हसू दाबायला मटार तोंडात टाकत. एकदा दूध उतू गेलं. मावशींच्या नाकपुड्या फुलल्या, एक पाय बाजेवरून खाली आला आणि पुन्हा शालीत गेला. तोवर सुमननं पातेलं उतरवलं होतं. सुमन याच बालवाडीत लहानाची मोठी झालेली, आता शिक्षिका. ट्रस्टच्या पैशातून कपाट आलं होतं आणि प्रशिक्षणाला तिलाच पाठवलं होतं.

आता, जे बायकोलाही कधी सांगितलं नाही ते सांगून टाकतो. दर गुरुवारी मी हळूच बाजेजवळ वाकून विचारायचो, "मावशी, कपाटाची किल्ली कुठंय?" किल्ली माझ्या खिशात असायची. त्यांनी एकदा तरी बोलावं, सराव मोडावा, एवढंच मला हवं होतं. सुमनला जमणार नाही अशी भीती असती तर ठीक होतं. मला भीती होती ती जमेल याची. मावशींवाचून सगळं सुरळीत चालतं, हे मला बघवत नसे.

साहेब आले ते नेमके गुरुवारी, न कळवता. मी बाजेपाशी धावलो. "मावशी, एवढ्या एका गुरुवारी जिवंत व्हा हो!" मावशींनी शाल डोक्यावरून ओढली.

"बाईंना बरं नाही का?" साहेबांनी विचारलं.

"तसं नाही साहेब, गुरुवार आहे ना, मावशी वारल्यात," सुमन म्हणाली. "तुम्हाला काय हवं ते मला विचारा."

साहेबांनी दुपारपर्यंत विचारलं आणि सुमननं सांगितलं. मग खिचडी खाऊन, जाताना बाजेसमोर थांबून त्यांनी गंभीरपणे हात जोडले. शाल गदगदा हलत होती. पुढची मदत आली.

मावशी खरोखर गेल्या त्या बऱ्याच वर्षांनी, एका सोमवारी. दुसऱ्या दिवशी सुमननं डोळे पुसून बालवाडी उघडली. पोरं आली, खिचडीत मीठ बरोबर पडलं, कुणी कुणाला चावलं नाही. मी उगाच इकडेतिकडे केलं आणि शेवटी त्या रिकाम्या बाजेपाशी जाऊन, कुणी ऐकत नाही असं बघून पुटपुटलो, "मावशी, कपाटाची किल्ली कुठंय?"

"तुमच्या खिशात, दादा," आतून सुमनचा आवाज आला. "मावशींनी सांगून ठेवलंय, तुम्ही विचाराल म्हणून."