तारीखबाईंचं विधेयक

रविवारी सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी आमदारबाई स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्वतःचंच विधेयक वाचत होत्या. ऑफिसची खोली बाजूलाच होती, पण वकिलीची पहिली नऊ वर्षं कोर्टाच्या जिन्याखाली टेबल टाकून काढल्यामुळे त्यांना ऐसपैस जागेत वाचलेलं डोक्यात शिरत नसे. गणिताचे मास्तर असलेल्या नवऱ्याने चहा ठेवला आणि विचारलं, स्वतःच्या हस्ताक्षराचा पेपर किती वेळा तपासणार?

विधेयकावर उद्या मतदान होतं. भाड्याचं घर किंवा दुकान खाली करून घेण्याचे दावे दोन वर्षांत निकाली काढायचे, पुढच्या तारखा मागायच्या त्या फक्त तीनदा, आणि जुने पडून असलेले दावे सहा महिन्यांत संपवायचे, असा सगळा मामला.

गंमत अशी, की बाईंचं नाव झालं ते तारखांवरच. त्या भाडेकरूंच्या वकील. दावा कमकुवत असला तरी तारीख मिळवण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. साक्षीदार आजारी, कागद गहाळ, वकील दुसऱ्या कोर्टात. प्रत्येक तारखेमागे एका कुटुंबाला आणखी चार महिने छप्पर मिळायचं. वकिलांच्या खोलीत त्यांना तारीखबाई म्हणत आणि त्यांना ते आवडायचं.

मग एका दाव्यात समोरची घरमालकीण, एक निवृत्त नर्स, पुतण्याच्या घरी गॅलरीत खाट टाकून राहत होती. स्वतःच्या दोन खोल्यांसाठी ती दर तारखेला इस्त्रीची साडी नेसून यायची. दाव्याच्या चौदाव्या वर्षी तिच्याऐवजी पुतण्या आला, तिच्या मृत्यूचा दाखला घेऊन. बाईंनी सवयीने त्यावरही तारीख मागितली आणि ती मिळाली. त्या संध्याकाळी त्या जेवल्या नाहीत. पुढच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या प्रत्येक भाषणात एकच वचन होतं: दोन वर्षांत निकाल. लोकांनी निवडून दिलं, दुसऱ्यांदाही दिलं. जुन्या दाव्यांचं कलम इतरांना नको होतं. बाईंनीच हट्टाने घालून घेतलं.

आठ वाजता शिंपीकाका आले. बाईंचे सर्वांत जुने अशील, भाड्याच्या दुकानावरून अकरा वर्षं दावा चालू. आता त्यांचं काम बाईंची जुनी सहायक बघायची, पण काका रविवारी इथेच येत.

“बाई, पुढची तारीख जरा लांबची घ्यायला सांगा तिला. गुडघ्याचं ऑपरेशन आहे.”

बाईंनी चष्मा काढला. गोल गोल बोलणं राजकारणात शिकल्या होत्या, पण अशिलाशी तसं बोलायची सवय नव्हती. आता लांबची तारीख मिळणार नाही, सहा महिन्यांत निकाल लागेल आणि तो बहुतेक विरुद्ध जाईल, असं त्यांनी सरळ सांगितलं. कायदा कोणाचा, हेही सांगितलं.

काकांनी टेबलावरचा कप बाजूला सारला.

“म्हणजे मी बसलोय ती फांदी तुम्हीच तोडताय.”

“फांदी मालकाची आहे, काका.”

“ते कोण नाही म्हणतंय? माझी कधी होती ती? उतरायला वेळ द्या, एवढंच. या वयात उडी मारवत नाही.”

मास्तरांनी त्यांना जिन्यापर्यंत सोडलं. परत येऊन ते इतकंच म्हणाले, की काका आज कठडा धरून उतरले.

बाईंनी कोरा कागद ओढला. जुन्या दाव्यांचा निकाल सहा महिन्यांतच लागावा; पण जो दहा वर्षांहून जास्त काळ तिथे राहतोय किंवा धंदा करतोय, त्याने ताबा निकालानंतर दीड वर्षाने द्यावा. निकाल लवकर, ताबा सावकाश. नर्स आठवली. तिला दीड वर्षही जास्तच झालं असतं. पण निदान निकाल तिने स्वतःच्या कानांनी ऐकला असता. बाईंनी दीड खोडून एक केलं. मग गुडघा आठवला आणि पुन्हा दीड लिहिलं.

पक्षाच्या अध्यक्षांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, आपल्याच विधेयकाला आपणच दुरुस्ती आणायची नसते. विरोधक हसतील आणि कायदेमंत्र्याच्या खुर्चीसाठी तुमच्याऐवजी दुसरं नाव पुढे जाईल.

“हसू देत,” बाई म्हणाल्या.

“मग एक करा, पुढच्या अधिवेशनात आणा ना,” अध्यक्षांनी सुचवलं.

बाईंना हसू आलं. इतकी वर्षं तारखा मागण्यात गेली होती. आता समोरून मिळणारी तारीख त्यांनी पहिल्यांदाच नाकारली.

विधानसभेचं कार्यालय उद्या साडेनऊला उघडतं आणि दुरुस्त्या दहापर्यंतच घेतं. बाईंनी ड्रायव्हरला नऊऐवजी आठला यायला सांगितलं आहे.