पावण्याला ‘न्हाय’ म्हणायचं न्हाय

गुंडू तात्या हे देशाच्या अर्थनीतीचे आधारस्तंभ आहेत, हे त्यांच्या म्हशीला ठाऊक नाही आणि दिल्लीलाही नाही. कोल्हापूरहून गगनबावड्याला जाताना डाव्या हाताला एक फाटा फुटतो, त्याच्या टोकाला त्यांची वाडी. वाडीचं नाव मी सांगणार नाही. संशोधनात गावाचं नाव गुप्त ठेवायचा नियम असतो म्हणे. कुणीतरी नियम पाळायला हवा.

वाडीत दरसाल तीन-चार पाहण्या होतात. कुणी दारिद्र्य मोजायला येतं, कुणी समृद्धी, एकदा तर कुणी आकांक्षा मोजून गेलं. घर निवडायचं ते शास्त्रशुद्ध पद्धतीनं, डोळे मिटून चिठ्ठी उचलल्यासारखं. ती चिठ्ठी दर खेपेला तात्यांचीच निघते, कारण जीप त्यांच्या अंगणापर्यंतच जाते आणि अंगणात फणसाची सावली आहे. पुढच्या घरांना जायचं तर चिखलातून चढ चढावा लागतो. तो शास्त्राला मानवत नाही.

तात्यांची अडचण एकच. दारात आलेल्या पावण्याला ‘न्हाय’ म्हणायला त्यांची जीभ वळत नाही. जेवणाचं ठीक आहे, त्यांची बायको बयाबाई कोंबडं कापून वेळ निभावून नेते. पण संशोधक मागतो उत्तरं. तात्या तीही पानात वाढतात.

“घरात फ्रिज आहे?”

“हाय की!” फ्रिज आहे दूध डेअरीत, पण डेअरीचे सभासद तेच ना!

“इंटरनेट?”

“हाय की!” टेकडीवरच्या देवळापाशी गेलं की येतं.

“चारचाकी?”

“हाय की, ही काय दारात!” दारात होती ती साडूची जीप, फणस न्यायला आलेली.

चारचाकीचं विचारणारे होते गेल्या उन्हाळ्यात आलेले, पुण्याच्या एका मोठ्या संस्थेचे डॉक्टर. औषधाचे नव्हेत, अर्थशास्त्राचे. ग्रामीण दळणवळण हा त्यांचा विषय. तिसऱ्यांदा पांढरा रस्सा घेत त्यांनी विचारलं, “मग तात्या, दारात जीप असताना तुम्हाला बसची काय गरज?”

विचारताना ते असे आशेनं बघत होते की तात्यांना राहवेना. “आमाला कशाला लागतीय बस? घरात गाडी हाय की!”

डॉक्टरांनी हात न धुताच ते वाक्य लिहून घेतलं. पावणा तृप्त होऊन गेला आणि तात्यांना त्या दिवशी छान झोप लागली.

तात्यांची धाकटी स्वप्नाली कोल्हापुरात नर्सिंग शिकत होती. सकाळच्या बसनं जायची, संध्याकाळी मुक्कामाच्या बसनं परत यायची. वाडीतून अशी शिकणारी ती पहिलीच पोरगी. ती पांढरा एप्रन हातावर टाकून उतरायची, तेव्हा तात्या फणसाखाली उभे असायचे आणि लोक बघतात की नाही ते चोरून बघायचे. त्या पोरीवर त्यांचा भारी जीव.

दिवाळी झाली आणि बस बंद झाली. फाट्यावर बस मिळते, पण तिथवर तासाभराची चाल, वाटेत गव्यांचे कळप. कॉलेजच्या होस्टेलात जागा नव्हती. स्वप्नाली घरी बसली.

तात्या तडक एसटीच्या कोल्हापूरच्या ऑफिसात गेले. साहेब भला माणूस, त्यानं चहा मागवला आणि एक गुळगुळीत अहवाल पुढ्यात ठेवला. “हे बघा. तुमच्या वाडीत शंभर टक्के घरांत चारचाकी. मग रिकाम्या बस कशाला पळवायच्या?”

“शंभर टक्के? आवो सायब, किती घरं बगितली त्यांनी?”

“एक. पण शास्त्रशुद्ध.”

साहेबानं पान उलटलं. चौकटीत ठळक अक्षरांत छापलं होतं: एका प्रगतिशील शेतकऱ्याच्या शब्दांत, “आमाला कशाला लागतीय बस? घरात गाडी हाय की!”

तात्यांनी कप खाली ठेवला. “त्यो शेतकरी खोटं बोलला असंल तर?”

“काय बोलताय! या अहवालाला दिल्लीच्या परिषदेत बक्षीस मिळालंय.”

घरी येऊन तात्यांनी लेकीला सगळं सांगून टाकलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात एवढंच म्हणाली, “आबा, पावण्यास्नी सगळं दिलंसा. माजी बस बी दिलीसा.”

त्यानंतर महिन्याभरानं दानेश्वरी नावाची एक तरुण मुलगी टॅब घेऊन आली. त्याच पुण्याच्या संस्थेची जीप तिला अंगणात सोडून पुढच्या गावाला गेली. तिचा विषय होता, ग्रामीण मुली शिक्षण अर्ध्यावर का सोडतात. तात्या सावरून बसले. स्वप्नाली दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

“घरात चारचाकी आहे?”

“न्हाय.” पहिला ‘न्हाय’ फार जड गेला.

“गावात बस येते?”

“न्हाय!” हा सोपा गेला.

टॅबवर लाल अक्षरं उमटली. “तात्या, मागच्या पाहणीत दोन्हीला ‘हो’ आहे. त्याच्याशी जुळल्याशिवाय हे पुढं सरकत नाही.”

“बस आता बंद झालीया, ताई. आन गाडीचं तवा खोटंच हुतं.”

“यात ‘खोटं’ असा पर्यायच नाही.” ती रडकुंडीला आली होती. “मी ‘हो’ टाकू का? नाहीतर माझं काम अडतंय.”

पावणी, तीही लेकीच्या वयाची, आणि तिचं काम अडलेलं. तात्यांच्या ओठावर जुना शब्द आला. त्यांनी दाराकडे बघितलं आणि तो गिळला. “न्हाय म्हंजे न्हाय.”

दानेश्वरीनं मान खाली घालून स्वतःच ‘हो’ दाबलं. टॅब खूश झाला. मुलगी घरी का बसली, याला तीन पर्याय होते: लग्न, घरकाम, शिक्षणात रस नाही. बस असलेल्या गावातल्या, गाडी असलेल्या घरातल्या मुलीला दुसरं काय कारण असणार? तिनं तिसरा दाबला.

मग टॅब पिशवीत घालत तिनं विचारलं, “तात्या, परतीची बस किती वाजता?”

“हाय की,” तात्या म्हणाले, “त्या टॅबात हाय. बसा जावा तिच्यात.”

जन्मात पहिल्यांदा ते पावण्याला असं बोलले होते. पोरीचा चेहरा बघून त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं. “स्वप्ने,” त्यांनी हाक मारली, “ताईचं ताट वाढ. आज मुक्कामाला हायत.”

सकाळी धारेचं काम बयाबाईवर टाकून तात्या काठी घेऊन पुढं झाले. मागून दोघी पोरी फाट्याकडे चालत निघाल्या, एकीच्या पिशवीत टॅब, दुसरीच्या हातावर एप्रन. तात्या तेव्हापासून रोज तासभर जातात, तासभर येतात, आणि संध्याकाळी पुन्हा. त्यानंतर स्वप्नालीचा कॉलेजचा एक दिवसही बुडालेला नाही.

देशाच्या माहितीप्रमाणे मात्र तिला शिक्षणात रस नाही.